साडेचारचा झेंडा

“साडूभाऊ, आज तुमचं बोट धरूनच पळणार मी! मधेच सोडून गेलात तर सासूबाईंकडे तक्रार करीन, सांगून ठेवतो!”

धाकट्या साडूने हे इतक्या मोठ्याने सांगितलं, की सुरुवातीच्या रेषेमागे पहाटे कुडकुडत उभी असलेली सगळी मंडळी हसली. घड्याळरावही हसले. म्हणजे ओठ हसले. पाठीवरच्या काठीचा पट्टा घट्टच होता, तरी त्यांनी तो पुन्हा आवळला. काठीच्या टोकाला झेंडा होता आणि झेंड्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘साडेचार तास’.

असा झेंडा घेऊन पळणाऱ्याला पेसर म्हणतात. त्याने शर्यत जिंकायची नसते. झेंड्यावर जी वेळ लिहिली आहे, त्या वेळेत मागच्या माणसांना शेवटच्या रेषेपर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. उशिरा पोचला तर चुकलाच, पण लवकर पोचला तरी चुकला. सपाट गावात हे कुणीही मनगटाकडे बघत करील. हे शहर मात्र टेकड्यांवर वसलेलं. दूध आणायला जायचं तरी एक चढ आणि दोन उतार. इथे मॅरेथॉन पळायची तर चढावर किती ढील द्यायची आणि उतारावर ती किती वसूल करायची, हे अंगात मुरावं लागतं. त्यांच्या अंगात ते मुरलं होतं. पंधरा वर्षांत एकदाही वेळ चुकली नाही, म्हणून पळणाऱ्यांनी त्यांचं नावच घड्याळराव ठेवलं होतं.

पोटापाण्यासाठी ते लिफ्टदुरुस्ती करत. लिफ्ट मजल्याला अगदी समपातळीत थांबली पाहिजे, बोटभर वर नको की बोटभर खाली नको, हा त्यांचा धर्म. ती तशी थांबते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. अडकली की मात्र सगळ्यांना मेकॅनिक आठवतो आणि तोही शिव्यांसकट. त्यामुळे कौतुकाची सवय त्यांना नव्हती. वर्षातून एकदा, मॅरेथॉनच्या शेवटी, घामाने निथळणारी चार माणसं हात धरून म्हणत, “घड्याळराव, तुम्ही होतात म्हणून पोचलो.” तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघे.

आणि मग या साडूला पळायचं वेड लागलं.

साडूचं फरशांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी हा माणूस एक मजला चढून आला की आधी खुर्ची मागायचा, मग पाणी. डॉक्टरांनी दम भरला तेव्हा तो घड्याळरावांकडेच आला. बुटाची नाडी कशी बांधायची इथपासून सगळं त्यांनीच त्याला शिकवलं. गडी उतावळा, पी हळद आणि हो गोरी अशातली गत. पण नेटाने टिकला, बारीक झाला, आणि बघता बघता सासरच्या साऱ्या गोतावळ्याच्या गळ्यातला ताईत झाला. सासूबाई येईल त्याला सांगू लागल्या, “आमचे धाकटे जावई पळतात हो!” जणू थोरले जावई इतकी वर्षं रांगत होते.

तेही एक वेळ चाललं असतं. पण काल संध्याकाळी ते कामावरून आले, तर बायको जेवणाच्या टेबलावर मोठा पुठ्ठा पसरून बसली होती. हाताला लाल रंग, नाकालाही लाल रंग. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘धाकटे जावई, दमायचं नाही!’

“धाकटीचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय,” ती म्हणाली. “म्हणून मलाच गळ घातली तिने. उद्या आम्ही सगळ्या पाण्याच्या टाकीच्या चढावर उभ्या राहणार आहोत. आईसुद्धा येतेय.”

“आई? त्यांचे गुडघे दुखतात ना?”

“पहिल्यांदाच पळतायत ना धाकटे. कौतुक असतं.”

घड्याळरावांनी हात धुतले, पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. “मीही पळतोय उद्या,” ते म्हणाले.

“तुमचं काय, तुम्ही दरवर्षीच पळता!” रंगाचा ब्रश पाण्यात बुडवत ती म्हणाली. “आणि तुम्ही किती वाजता पोचणार ते आधीच लिहिलेलं असतं. त्यात बघायचं काय?”

पिकतं तिथं विकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी रात्रभर तो लाल पुठ्ठा त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

शर्यत सुरू झाली. झेंड्यामागे वीसेक माणसं होती आणि त्यांत गणिताच्या बाई होत्या. शाळेत गणित शिकवून केस पिकलेल्या, अंगाने काटकुळ्या. साडेचार तासांत ही शर्यत पुरी करायची हा त्यांचा हट्ट, आणि तो दरवेळी थोडक्यात हुकायचा.

“यंदाची शेवटची, घड्याळराव,” त्या सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या. “गुडघ्याच्या डॉक्टरांनी हात जोडलेत. आता तुमच्या झेंड्यावरून नजर हलवणार नाही मी.”

“तुम्ही फक्त मागे राहा, बाई. बाकी माझ्यावर सोडा.”

पहिले दोन चढ छान गेले. घड्याळराव चढावर दुडक्या चालीने चालले, उतारावर पाय मोकळे सोडले, पुलावर सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. वाटेतल्या इमारती त्यांच्या ओळखीच्या होत्या. कुठल्या लिफ्टचं दार कुरकुरतं आणि कुठली तिसऱ्या मजल्यावर दचके देते, हे सारं त्यांना पाठ होतं. एरवी हे ते मागच्यांना सांगत आणि तेवढाच रस्ता सरे. आज त्यांना बोलायला जागाच मिळाली नाही. साडूचं तोंड सुरू होतं.

“दुकानात एक बाई आल्या. म्हणाल्या, घसरणार नाही अशी फरशी द्या. म्हटलं, बाई, फरशी नाही घसरत, माणूस घसरतो!” सगळे हसले. गणिताच्या बाईसुद्धा हसल्या. घड्याळरावांच्या मागे पळताना त्या कधी हसल्याचं त्यांना आठवेना.

थोड्या वेळाने साडू कुणाला तरी सांगत होता, “हे बघा, चढावर वर बघायचं नाही. पुढच्या माणसाच्या टाचा बघायच्या. चढ आपोआप संपतो.”

“वा! अनुभवी दिसता तुम्ही,” तो माणूस म्हणाला.

ही युक्ती घड्याळरावांची होती. त्यांनीच ती दिली होती, याच साडूला, मागच्या वर्षी. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाय घड्याळाचे होते, ते चुकले नाहीत.

अडतिसाव्या किलोमीटरनंतर पाण्याच्या टाकीचा चढ लागतो. अंगातलं सगळं संपलेलं असतं आणि नेमका तेव्हाच रस्ता छातीवर येतो. चढाच्या मध्यावर सासरची मंडळी उभी होती. सासूबाई गुडघे विसरून एका ओट्यावर चढल्या होत्या, धाकटी टाळ्या पिटत होती आणि घड्याळरावांची बायको तो लाल पुठ्ठा डोक्यावर धरून नाचत होती. होय, नाचत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला नाचताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या मनात उगाच आलं, की आपण हात हलवावा. त्यांनी हलवला. बायकोने तो पाहिला. पुठ्ठा धाकटीकडे देऊन तिने फोन वर धरला, आणि मग तोंड वाकडं करून हाताने बाजूला सरकायची खूण केली.

“अहो, जरा बाजूला व्हा ना! झेंडा येतोय त्यांच्या तोंडावर!”

घड्याळराव बाजूला झाले. बाजूला झाले आणि पुढे गेले.

वेग वाढला तो फार नाही. बघणाऱ्याला कळलाही नसता. पण त्या चढावर तेवढाच पुरे होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मागे साडूचा विनोद अर्ध्यावर तुटला. मग त्याच्या श्वासाचा भाता ऐकू येऊ लागला. घड्याळरावांच्या जिवाला थंडावा वाटला. खरंच वाटला, खोटं कशाला सांगा. आता बोल, त्यांच्या मनात आलं. आता सांग फरशीची गोष्ट.

“घड्याळराव,” बाईंचा दमलेला आवाज आला, “जरा जास्त होतंय का हो?”

“बरोबर चाललंय, बाई. मागे राहा.”

बाई मागे राहिल्या. सगळेच मागे राहिले, कारण झेंडा म्हणत होता की हाच वेग बरोबर. पंधरा वर्षांचा विश्वास होता तो. एकेक जण धापा टाकत त्या झेंड्यामागे धावला आणि एकेक जण गळत गेला. कुणी कमरेवर हात ठेवून थांबलं, कुणी कठडा धरला. “आई गं! पोटरीत गोळा आला!” हा साडूचा आवाज. घड्याळरावांनी वळून पाहिलं नाही. टाकी मागे पडली, उतार लागला आणि त्यांचे पाय आपोआप मोकळे सुटले. बाईंची पावलं थोडा वेळ ऐकू येत होती. मग तीही येईनाशी झाली.

शेवटच्या वळणावर कमान दिसली. कमानीवरच्या मोठ्या घड्याळात अजून वेळ शिल्लक होती. घड्याळराव चालू लागले. वेळेआधी रेषा ओलांडायची नाही, हा नियम. ठरल्या क्षणी ओलांडली की झालं, नोंद स्वच्छ. यंदाही घड्याळराव बिनचूक, असंच सगळे म्हणणार होते.

ध्वनिवर्धकावरचा निवेदक उत्साहाने ओरडला, “आणि हे आले आपले साडेचारचे पेसर! त्यांच्यासोबत...” आणि तो अडखळला. घड्याळरावांनी मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याकडे बघत होते आणि एका बाईने शेजारणीला विचारलं, “यांची माणसं कुठायत?”

ते उभे राहिले. मोठ्या घड्याळातली मिनिटं सरली, साडेचार तास उलटून गेले आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांची वेळ चुकली. मग ते वळले आणि येणाऱ्या माणसांच्या कडेकडेने उलटे धावू लागले.

उताराच्या पायथ्याशी पाण्याच्या टेबलाजवळ त्यांना ती दोघं सापडली. गणिताच्या बाई फुटपाथवर पाय पसरून बसल्या होत्या. साडू, स्वतः एका पायाने लंगडत, त्यांच्या गुडघ्यावर ओला रुमाल धरत होता.

“साडूभाऊ!” त्याचा चेहरा एकदम उजळला. “माफ करा हो. तुमची सगळी पलटण मीच बिघडवली. तुम्ही शिकवलंत तेवढं काही जमलं नाही बघा मला. या बाई इथे बसलेल्या दिसल्या, म्हटलं एकटं कसं सोडायचं? हळूहळू नेतो म्हटलं.”

पेसरचं काम हा फरशीवाला करत बसला होता. घड्याळरावांना वाटलं, एक वेळ त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चूक तुझी नव्हती,” ते म्हणाले. “चढावर मीच वेग वाढवला.”

“काहीतरीच! घड्याळ कधी चुकतं होय?” साडू हसला आणि बाईंसाठी पाणी आणायला लंगडत टेबलाकडे गेला.

बाई हसल्या नाहीत. मनगटावर नजर ठेवूनच त्या म्हणाल्या, “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो. मी खोटं बोललो.”

“का?”

“त्याचा हेवा वाटला.” शब्द इतके सरळ बाहेर पडले, की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. “सगळ्या त्याच्यासाठी आल्या होत्या. मला सहन झालं नाही.”

बाईंनी मनगटावरून नजर उचलली. मग विचारलं, “आणि मी?”

घड्याळरावांना काहीतरी चांगलं सांगायचं होतं.

“तुमचा मी विचारच केला नाही, बाई.”

बाईंनी हात पुढे केला. त्यांनी तो धरून त्यांना उठवलं. साडूने आणलेलं पाणी पिऊन बाईंनी पेला नीट टोपलीत टाकला आणि पाय झाडून पाहिले.

“चला. बसून राहिले तर आखडतील,” त्या म्हणाल्या. “आणि तो झेंडा काढा आधी. मागून येणाऱ्यांना वाटेल, अजून वेळ आहे.”

घड्याळरावांनी पट्टा सोडला. इतक्या वर्षांत धावताना काठी पाठीवरून कधी उतरली नव्हती, त्यामुळे पाठ नुसती रिकामी रिकामी वाटू लागली. झेंडा गुंडाळून त्यांनी काखेत धरला.

पुढे बाई, त्यांच्या शेजारी लंगडणारा साडू, आणि मागे घड्याळराव, अशी तिघं निघाली. वळणावर सासरची मंडळी येऊन पोचली होती. साडू दिसताच एकच गिल्ला झाला, आणि घड्याळरावांच्या मनात पुन्हा तोच जुना हेवा जागा झाला. तो जाईल असं त्यांना वाटलंही नव्हतं. बाईंची पावलं कधी मंद होत होती, कधी उगाच जलद. ती जशी पडतील तशी आपली टाकत ते मागून धावत राहिले.