खिशातला बिल्ला

अकोल्याच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत मी अठ्ठावन्न साली बिल्ले सांभाळायला लागलो, तिथे पितळी बिल्ल्याशिवाय फाटकातून कोणी आत जात नसे. कोणाला नंबर द्यायचा, कोणाला कोणत्या टोळीत घालायचं, हे काम माझं. पण टोळीचे सगळे बिल्ले, मुकादमाचा धरून, एका तारेत ओवायचे, ते मुकादमानं न्यायचे आणि त्यानंच वाटायचे, असा तिथला रिवाज. या रिवाजाची मला मनस्वी चीड होती.

रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस घालणाऱ्या बायांचा मुकादम खुशालराव. जाईबाईनं त्याच्या घरचं अंगण फुकटात सारवायला नकार दिला, त्या दिवसापासून तिचा बिल्ला याच्या खिशात. नाव टोळीत, नंबर टोळीत आणि बाई फाटकाबाहेर उन्हात! घरी दोन लेकरं आणि कमावणारी ती एकटी.

"बाबू, बिल्ला तुमी मले देल्ला. मंग थो त्याच्या खिशात काहून?" ती विचारायची.

मी तणतणत मॅनेजरकडे गेलो. पान चघळत तो म्हणाला, "टोळीचे बिल्ले एकाच हातात द्यायचे, हा नियम आहे. जास्त शहाणपणा नको."

कोणाच्या हातात, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. संध्याकाळी सुटलेल्या बायांना मात्र विचारलं. त्यांनी एकमुखानं जाईबाईचं नाव घेतलं. मी तिचा जुना नंबर रद्द केला, नवा बिल्ला ठोकला आणि तारेत ओवला.

सकाळी भोंगा झाला. खुशालरावनं फाटकाबाहेरून माझ्या खिडकीत हात घातला, तर तार टांगायचा खिळा रिकामा.

"देवमन, तार कुठी हाय?"

"जाईबाईपाशी," मी म्हणालो.

तो लालबुंद होऊन फाटकाकडे धावला. पहारेकऱ्यानं काठी आडवी घातली.

"मले वयखत नाई का बे?"

"वयखतो ना जी. पन बिल्ला दाखवा."

बाया आपापला बिल्ला घेऊन उभ्या होत्या. तारेत एकच उरला होता, त्याचा. जाईबाईनं तो कमरेला खोचावा आणि याला दिवसभर उन्हात तापवावं, असं मला फार वाटलं.

तिनं तो काढून त्याच्या हातावर ठेवला.

"घ्या. कोनाच्या पोटावर पाय द्याची आमची रीत नाई."

ती आत गेली. तिचा रद्द झालेला बिल्ला अजून त्याच्या खिशातच होता.