शेळीचा कप्पा

"शेळी द्या कुणीतरी," वनरक्षक सोमनाथ तिसऱ्यांदा म्हणाला, आणि जमलेली माणसं तिसऱ्यांदा उसाकडं बघू लागली, जणू शेळी तिकडूनच येणार होती.

पिंजरा निर्मलाच्या घराला खेटून ठेवला होता. अवसरी खुर्दच्या शिवारात ऊस संपतो तिथं तिचं घर सुरू होतं. गेल्या आठवड्यात बिबट्यानं सयाजीरावांचं वासरू उचललं, ते तिच्याच मोरीमागनं ओढत नेलं होतं.

"निर्मलाची हाय की," सयाजीराव म्हणाले. त्यांच्या गोठ्यात अकरा शेळ्या होत्या. "तिच्याच राखणीसाठी चाललंय समदं."

निर्मलाची एकच शेळी. नाव मॅडम, कारण ती पोरीच्या वह्या तपासायची आणि मग खायची.

"मरंल का ओ ती?" निर्मलानं विचारलं.

"काय मरतीय! दोन कप्पे हायेत, ताई. ह्यात शेळी, त्यात वाघ, मधी डबल जाळी. वाघ शिरला की दार खाडकन खाली. शेळीच्या केसाला धक्का नाय."

निर्मलानं जाळी धरून हलवली. हलली नाही. तिच्या घराचं दार पत्र्याचं होतं, सुतळीनं बांधलेलं. वारासुद्धा ते न विचारता उघडायचा.

"आन् माणूस बसलं तर?"

सोमनाथ हसला. "माणसाच्या बी केसाला नाय. फकस्त कुलूप तुमचं आणा. आमचं हरावलंय."

निर्मलाचा नवरा चार वर्षांपूर्वी टोमॅटोचा टेम्पो घेऊन सुरतेला गेला. टेम्पो परत आला. तेव्हापासून निर्मला कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये संध्याकाळच्या चपात्या लाटायची. पोरगी आणायची नाही, हे मेसवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकदा संस्कृतीला सयाजीरावांकडं ठेवलं, तर नऊ वर्षांच्या पोरीला त्यांनी पाहुण्यांची भांडी घासायला बसवलं. पाहुणे बारशाचे होते.

तेव्हा मॅडम पिंजऱ्यात गेल्यावर तिसऱ्या दिवशी साडेचारला निर्मलानं संस्कृतीला मॅडमशेजारी पिंजऱ्यात बसवलं. दप्तर दिलं, बाटली दिली, बॅटरी दिली. बाहेरून कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. त्याचा तेवढा तरी उपयोग.

"आई, वाघ आला तर?"

"पाढे म्हन. तू पाढे म्हनाया लागली की मी बी पळती."

भीतीनं पिंजऱ्याकडं कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळं कुणाला कळलं नाही. नऊ दिवस चाललं. संस्कृतीचे पाढे सतरापर्यंत पोचले.

आपण काय करतोय हे निर्मलाला कळत नव्हतं असं नाही. शेळीचा वास आणि वर लेकराचा आवाज. चपाती लाटता लाटता ते मनात यायचं. मग ती पुढचा गोळा घ्यायची.

दहाव्या दिवशी ती परतली, तर घरापाशी मोबाईलचे उजेड हलताना दिसले. ती पळाली.

"किल्ली!" सोमनाथ ओरडत होता. "आरं, किल्ली कुणापाशी हाय?"

पिंजऱ्याचं दार पडलं होतं. त्या कप्प्यात बिबट्या, ह्या कप्प्यात मॅडमच्या मानेला मिठी मारून संस्कृती. मधली जाळी पोरीच्या बाजूला वाटीएवढी फुगली होती.

निर्मलानं पिठाच्या हातानं कुलूप काढलं. संस्कृतीचा आवाज पार बसला होता.

"आई, सतराचा संपला. म्हनून परत दोनापासनं म्हनले."

"आई हायेस का कोन?" सयाजीराव कडाडले. "शेळीच्या जागी पोटची पोर बसावली!" बाकीचे शूटिंग काढत होते, म्हणून ते हे दोनदा म्हणाले.

सोमनाथनं वाकून बॅटरी मारली. "मादी हाय. पाजती हाय. पिल्लं उसात असत्याल."

"आन् बाप?" निर्मलानं विचारलं.

"ह्यांच्यात बाप थांबत नसतो, ताई. पर आसपास फिरत असतो."

मादी निर्मलाकडं बघत होती. निर्मलानं आधी नजर वळवली.

"पिंजरा परत कवा आनताय?"

लोक हसले. सोमनाथ हसला नाही. "आता येडगावला जायचाय. तिकडं लई मागणी हाय."

दुसऱ्या दिवशी साडेचारला निर्मला निघाली, तेव्हा संस्कृती सारवलेल्या जमिनीवर शाळेतल्या खडूनं रेघा मारत होती. दोन चौकोन, मध्ये आडव्या-उभ्या रेघांची जाळी. ती तिनं दोनदा गिरवली, कारण डबल हवी. पलीकडच्या चौकोनात 'वाघ' लिहिलं. अलीकडच्या चौकोनात दप्तर ठेवलं, बाटली ठेवली, मॅडमला ओढून घेतलं आणि मांडी घालून बसली.

"आई, कुलूप लाव."

मेसला उशीर होत होता. बाहेर वारा नव्हता. उसाचे शेंडे एका जागी हलले आणि थांबले.

निर्मला वाकली. मंगळसूत्रातली किल्ली काढून तिनं खडूच्या रेघेवर धरली आणि फिरवली. मग, रोजच्यासारखं, दोनदा ओढून पाहिलं.