गरम मोटार

चाळीस मेंढरं इकून जुनी मोटार-लॉरी घ्यायची, असलं खूळ आमच्या मालकांच्या डोस्क्यात शिरलं. चाळीसातली वीस माझ्या माहेरची. मी म्हनलं, मोटार मी बघितल्याबिगर एक शेपूट कळपातनं हलायचं न्हाय.

सोलापुरात गुरुसिद्धप्पाच्या अड्ड्यावर गेलो. लॉरी त्याचीच. त्यानं म्होरलं हँडल फिरवलं, अन् पयल्याच झटक्याला मोटार सुरू! मालकांचं तोंड असं फुललं, की लग्नाच्या दिशीबी एवढं फुललं नव्हतं. चाकं दाबली, रबरी भोंगा वाजवला. दातबी बघितलं असतं, पन मोटारीला दात कुटलं?

"बसा धुळाप्पा, होटगीच्या रस्त्यानं फेरी मारून आणतो," गुरुसिद्धप्पा मालकांना म्हनला.

मी म्होरं जाऊन पाण्याच्या टाकीला हात लावला. चटकाच बसला! म्हंजे आमी यायच्या आधीच पळवून आणली व्हती. बाजारात लंगडा बैल इकणारा हेच करतो की. गिऱ्हाईक यायच्या आत कोसभर चालवायचा. अंग गरम झालं, की लंगडणं दिसत न्हाय.

"बंद कर," म्हनलं. "आमी भाकरी खातो. मग फेरी."

"आक्का, भाकरी मागनं खावा की!"

"आमाला आत्ताच भूक लागलीया."

लई निवांत खाल्ली. कांदा फोडला, चटणी चाटली, पानबी लावलं. गुरुसिद्धप्पाची नुसती चुळबूळ. मग टाकीला परत हात लावला. गार.

"आता फिरव हँडल."

धाडदिशी फिरवलं. मोटार ढिम्म. धा येळा फिरवलं, वीस येळा फिरवलं. पटका सुटला, धोतर सुटायला आलं. मोटार एकदा खोकली अन् गप पडली. मी हसून हसून बेजार!

मालक मातुर हसलं न्हाईत. वर जाऊन बसलं, ते बसूनच ऱ्हायलं.

"उतरा की आता," म्हनलं. "चाळीस मेंढरं वाचली."

"तुझा गुडघा," मालक खाली बघत म्हनलं. "दर साली कळपामागं पंधरा-पंधरा दिस पाय वढत चालतीस. म्हनलं, एकदा तुला बसवून न्यावं."

आता काय करावं ह्या माणसाला! हे आधी सांगायला काय तोंड शिवलं व्हतं? रागबी आला अन् डोळंबी भरलं. गुडघा धरून वर चढले, शेजारी बसले. मालकांनी भोंगा वाजवला.

"आक्का, घ्यायची न्हाय तर उतरा की!" गुरुसिद्धप्पा खालनं वरडला.

"थांब रं बाबा," म्हनलं, "आत्ता कुटं निघालोय आमी!"