पोटावरून पायाशी

मी शेकायची पिशवी बोलतेय. रबराची, अंगावर उभ्या रेघा आणि गळ्याशी बूच. तुमच्याही घरात, कुठल्यातरी कपाटात, माझी एखादी बहीण घडी होऊन पडली असेल. तिला तुम्ही कधी बोलू दिलं नसेल, म्हणून आज माझं ऐका. आधीच सांगते, मी स्वभावानं काही चांगली नाही. मला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, आणि माझ्या माणसाला कुणी खेटून बसलेलं तर मुळीच खपत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यातून मला काढलं, आत हवा भरून कुठं गळतेय का ते पाहिलं आणि खोक्यात घातलं. पुढं औषधाच्या दुकानात मी खोकल्याच्या बाटल्यांशेजारी बसून होते. त्या भराभर खपायच्या, मी तशीच. बहुतेक जळायची सवय मला तिथंच लागली.

मग एकदा एक बाई आल्या. मला दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं आणि घरी घेऊन गेल्या. त्यांची धाकटी बहीण नवऱ्याच्या मागोमाग परदेशी निघाली होती. तिची बॅग काट्यावर ठेवली तर वजन आधीच भरलेलं. ताईंनी आतली दोन पुस्तकं काढली आणि त्या जागी मला कोंबलं.

"पुस्तकं तिकडंही मिळतील गं," ताई म्हणाल्या. "डॉक्टर मात्र तिकडं परवडत नाही म्हणतात. काही दुखलंखुपलं तर शेक घे."

पुस्तकं टेबलावर राहिली आणि मी विमानात बसले. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

नव्या देशात दोन खोल्यांचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. बाथरूमच्या दारामागचा हूक मला मिळाला. नवरा गोदामात पार्सलं लावायचा. माझी बाई (हो, मी तिला माझीच म्हणते) हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत घड्या घालायची. नवऱ्याच्या पाकिटात विम्याचं एक चकचकीत कार्ड होतं, त्यावर एकट्या त्याचंच नाव. बायकोचं नाव घालायचं तर पगारातून इतके पैसे कापले जात की दोघांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून तो विषय बंद केला होता. ते कार्ड मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. पाकिटात झोपून राहायचं आणि मान मात्र केवढा!

माझे दिवस आले ते बाईच्या दुखण्यानं. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि तिथून पाठीत शिरायची. मग ती केटलमधलं पाणी माझ्यात ओतायची, मला छातीशी धरून आतली हवा हलकेच बाहेर काढायची, बूच घट्ट पिळायची आणि पोटावर घेऊन पडायची. तिचे दोन्ही हात माझ्यावर. डोळे मिटून ती पुटपुटायची, "तूच गं माझी." तुम्हीच सांगा, असं कुणी बोलल्यावर डोक्यात हवा जाणार नाही का?

एकदा नवऱ्यानं पोट चोळून द्यायला हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला. "नको अहो, पिशवीच बरी." तो बिचारा स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसला आणि मी फुगले. मग तिनं आम्लपित्ताच्या गोळ्या आणल्या, तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला. पण गोळ्यांनी काही फरक पडला नाही. मी खूश.

ताईंचा फोन यायचा. "अगं, तिकडं उगाच दवाखान्याच्या पायऱ्या चढू नकोस. नुसतं हात लावायचे पैसे घेतात. सुट्टीत येशील तेव्हा सगळं एकदाच करून घेऊ. दात, डोळे, पोट, सगळंच."

तिकडं गेलेल्या माणसांची ही रीतच आहे. दुखणी साठवून ठेवायची आणि माहेरी नेऊन एकदम दाखवायची. सुट्टीची दोन तिकिटंसुद्धा काढून झाली होती. तोवर दुखणं सांभाळायचं काम माझ्याकडं. कळ वाढली तसं पाणी जास्त कडक होत गेलं. बाईच्या पोटावर तपकिरी जाळीसारखे डाग उठले. तिनं ते नवऱ्याला दाखवले नाहीत. मला मात्र ते बघून अभिमान वाटला. कार्डावर त्याचं नाव होतं, पण तिच्या अंगावर माझी खूण होती.

खालच्या मजल्यावर आपल्याच भाषेतल्या एक काकू राहायच्या. घरी पडदे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना पडदेवाल्या काकू म्हणत. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या खिडकीचं माप घ्यायला आल्या. टेप गळ्यात तशीच, आणि बाईच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"जरा इकडं उजेडात ये. डोळे पिवळे दिसताहेत तुझे."

"दिव्यामुळं असेल काकू."

"भर दुपारी दिवा कुठला आणलास? ताप आहे का?"

नवरा बाहेर आला. "काकू, पुढच्या महिन्याचं तिकीट आहे. तिथं गेलो की लगेच दाखवणार. इथं बिल आलं तर भरायचं कुठून? आणि नावगाव लिहून घेतलं, व्हिसाचं काही निघालं तर?"

"तिकीट काढलंयस रे बाळा," काकू म्हणाल्या, "पण त्यावर जायला ही राहायला नको का?"

तो तिचा कोट आणायला आत गेला. बाईनं मला आणखी घट्ट धरलं. खरं सांगते, तेव्हाही मला काकूंचाच राग आला. माझ्या पेशंटला हात लावणाऱ्या या कोण?

काकूंनी त्यांना कमाई बघून फी घेणाऱ्या दवाखान्यात नेलं. काकूंनाही तो शेजारणीनंच दाखवला होता. दारावर तशी पाटीबिटी काही नव्हती. बाईनं मला कोटाच्या आत पोटाशी धरून आणलं होतं. नर्सनं मला उचलून खुर्चीवर टाकलं आणि माझ्या जागेवर गार, चिकट जेल फासलं. त्यावर एक गुळगुळीत यंत्र इकडून तिकडं फिरायला लागलं. माझ्या जागेवर! माझा जळफळाट काय सांगू तुम्हाला.

त्याहून वाईट पुढं होतं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला आणि त्यातून स्वच्छ मराठीत आवाज आला, "नमस्कार ताई, मी दुभाषी बोलतेय. तुम्ही जे सांगाल ते मी डॉक्टरांना सांगेन. कुठं दुखतंय तुम्हाला?"

माझी बाई रडायलाच लागली. कधीपासून दुखतंय, कुठं जातं, अन्न कसं नकोसं होतं, घड्या घालताना टेबलाला कशी धरून उभी राहते, सगळं तिनं त्या न दिसणाऱ्या आवाजाला सांगून टाकलं. आजवर हे फक्त मला ठाऊक होतं. नवऱ्यालासुद्धा यातलं अर्धं ठाऊक नव्हतं. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

डॉक्टरीणबाईंनी त्या डागांवर बोट ठेवलं. "हे कशानं?"

बाईनं माझ्याकडं बोट केलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. औषधाच्या दुकानात कुणी बघावं म्हणून मी झुरत होते, पण असं नव्हे.

"डॉक्टर म्हणताहेत," फोनमधला आवाज म्हणाला, "शेकानं तुमचं दुखणं दबून राहिलं. पित्ताचा खडा नळीत अडकलाय, आत पू होतोय. आजच मोठ्या हॉस्पिटलात जायचं आहे. महिनाभर थांबलात तर जीव जाईल."

"तिकीट रद्द करतो," नवरा म्हणाला. विचारलं कुणीच नव्हतं.

मला तिथंच खुर्चीवर सोडून ते गेले. काकूंनी पडद्याच्या कापडात गुंडाळून मला घरी आणलं आणि हुकाला अडकवलं. ती घरी नव्हती तोवर नवरा रोज फोनवर बोलायचा. हॉस्पिटलातल्या मदतनीस बाईंनी अर्ज भरून दिला, बिलाचा मोठा भाग माफ झाला, उरलेल्याचे हप्ते पडले. ताई तिकडं रडल्या, कारण भेट वर्षभर लांबली. आणि विम्याच्या कार्डावर आता दोन नावं आली. माझं त्यात कुठलं असणार!

ती परत आली तेव्हा पोटावर चार बारीक टाके होते. नवऱ्यानं धावपळ करून मला भरलं. हवा काढायची असते हे त्याला काय ठाऊक? तशाच ढोलासारख्या फुगलेल्या मला तो घेऊन आला आणि तिच्या पोटाशी वाकला.

"अहो, तिथं नको."

तो मला हातात धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं, संपलं आपलं.

"पायाशी ठेवा," ती म्हणाली. "पाय गार पडलेत." मग तिनं त्याचा हात धरून जवळ बसवला. मी पांघरुणाखालून ऐकत होते, पण त्या दिवशी ती त्याच्याशीच बोलली.

परवा लाँड्रीतली नवी मुलगी आली. पोट धरून, घामाघूम. "ताई, तुमच्याकडं शेकायची पिशवी आहे ना? दोन दिवस द्या ना. सुट्टीत घरी जाणारच आहे, तेव्हा दाखवीन."

बाईनं हुकाकडं बघितलं. मला वाटलं, आता मला दुसऱ्याच्या हवाली करणार.

"पिशवी नाही मिळायची," ती म्हणाली. "चप्पल घाल. मी येते बरोबर."

दोघी जिना उतरून गेल्या आणि मी इथं लोंबकळतेय. त्या मुलीचं पोट मला मिळालं नाही म्हणून वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? जिन्यात माझी बाई तिचा हात धरून उतरत असेल, तेही मला खुपतंय. पण एक मागणं आहे तुमच्याकडं. पोटात पुन्हापुन्हा कळ आली तर मला हाक मारू नका. मी लगेच येईन, छान ऊब देईन आणि तुम्हाला थांबवून ठेवीन. मला तेवढंच येतं. आधी जाऊन या. आल्यावर पाय गार पडलेले असतील, तेव्हा मी आहेच.