श्वासातलं हो

दुसऱ्या चमच्यालाही हालवारला ठसका लागला आणि माइलिसने पाण्याचा पेला बाजूला ठेवला. पक्षाघात झालेल्यांना नीट गिळता येतं का, हे तपासण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. खाटेशी बसायचं, चमचाभर पाणी द्यायचं, गळ्यावर दोन बोटं ठेवून कंठमणी वर उचलला जातो का ते पाहायचं. हालवारचा छान उचलला जात होता, तरी ठसका काही चुकत नव्हता. आजही जमलं नाही, तर डॉक्टर थेट पोटात नळी घालणार होते. जन्मभर जंगलात झाडं तोडलेला हा गोड म्हातारा कॉफीच्या घोटालाही मुकणार, या विचाराने माइलिसला वाईट वाटत होतं.

खाटेच्या पायथ्याशी त्याची बायको टूरबोर्ग बसली होती. तिच्या तोंडाला खळ नव्हता.

"याला कधी धड बोलायला जमलं नाही, गिळायला काय जमणार?"

ती घाबरली की अशीच चिडते, हे माइलिसने दोन दिवसांत ओळखलं होतं. मग टूरबोर्गने हळूच विचारलं, अजून एकदा बघाल ना?

माइलिस हो म्हणाली. म्हणजे इथे उत्तरेकडे सगळेच म्हणतात तसं, शब्द न उच्चारता, ओठ आवळून तिने सुर्रकन श्वास आत ओढला. गार हवा घशाला लागली आणि ती थबकली. प्रत्येक चमच्यानंतर ती त्याला विचारत होती, गेलं का खाली? आणि तो भला माणूस दर वेळी असंच हो म्हणत होता. घशात उरलेला थेंब त्या श्वासाबरोबर श्वासनळीत जात होता. ती इथलीच, म्हणून ते हो तिच्या कानांना जाणवलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"आता कुणी काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "हालवार, तुम्ही हो म्हणायचं नाही. आणि टूरबोर्ग, तुम्हीसुद्धा गप्प."

टूरबोर्गने ओठ मुडपून घेतले. एक चमचा गेला, दुसरा गेला, तिसराही. ठसका आला नाही. आता आवाज घोगरा, ओलसर येतो का, तेवढं ऐकायचं राहिलं होतं.

"काहीही बोला. फक्त श्वास बाहेर सोडत."

हालवारने बायकोकडे पाहिलं. मग जड जिभेने, पण स्वच्छ आवाजात म्हणाला, "टूरबोर्ग."

बेचाळीस वर्षं घरात त्याने तिला नुसतं 'ए' म्हणून भागवलं होतं. टूरबोर्गने आधी माइलिसकडे पाहिलं, बोलू का म्हणून. माइलिसने होकारार्थी मान हलवली.

"इथंच आहे मी," टूरबोर्ग म्हणाली.