सगळे दिवस पाऊस पडला तर

हनिमूनला निघालेल्या प्रत्येक जोडप्याला तिकीटकाका एक प्रश्न हमखास विचारायचे. विमान, हॉटेल, व्हिसा सगळं बोलून झालं, समोरचा चहा निम्म्यावर आला, की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि उगीच आठवल्यासारखं म्हणायचे, "आणि समजा, तिथे सगळे दिवस पाऊस पडला तर?"

दिसायला प्रश्न साधा, पण त्याचं उत्तर देताना माणसं कळून येतात. कोणी विचारायचं, पैसे परत मिळतील का. कोणी विचारायचं, हॉटेलात आत बसून खेळायला काही आहे का. एक नवरी तर रुसलीच होती, लग्नाआधीच असं अभद्र का बोलता म्हणून. आणि काही जोडपी एकमेकांकडे बघून हसू दाबायची. मग त्यातली एखादी हळूच म्हणायची, "बरंच होईल. याला तरी कुठे फिरायची हौस आहे?"

काका चष्मा पुन्हा नाकावर आणायचे. त्यांचा निर्णय झालेला असायचा. पावसाची धास्ती घेणाऱ्यांना थोरलं, हसणाऱ्यांना धाकटं.

थोरलं आणि धाकटं ही कॅरिबियन समुद्रातल्या दोन शेजारच्या बेटांना काकांच्या सहलींच्या कचेरीत पडलेली नावं. खरी नावं लांबलचक होती आणि जिभेला वळसा घालायची. थोरल्यावर हॉटेलांची रांग, रोज संध्याकाळी गाणंबजावणं, बाजार, समुद्रातले नाना खेळ. तिथे नवरा-बायको एकमेकांशी धड चार वाक्यं न बोलताही आनंदात राहून येऊ शकतात. धाकट्यावर जायला छोटी बोट. ती माणसं उतरवून गेली की पुन्हा यायला दोन-तीन दिवस लावायची. पांढऱ्या वाळूची पट्टी, पाण्यावर झुकलेली झाडं, मोजक्या खोल्या आणि मासे पकडणारे मोठ्या चोचीचे पक्षी. बाकी एकमेकांखेरीज बघायला काही नाही. ज्यांना एकमेकांकडे बघून कंटाळा येणार नाही, त्यांनाच तिथे पाठवावं, असं काकांचं मत. हे गणित त्यांनी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. ते ठाऊक होतं फक्त घरातल्यांना.

घरातल्यांना ठाऊक असण्याचं कारण, प्रश्नाचा जन्मच घरातला. काका आणि काकू लग्नानंतर समुद्रकाठच्या एका खोलीत राहायला गेले होते, आणि पोचल्यापासून निघेपर्यंत पाऊस धो धो कोसळत होता. खोलीत पत्त्यांचा जोड मिळाला, त्यात बदामाची राणी नव्हती. काकूंनी साबणाच्या वेष्टनाची राणी केली. काकू अजून सांगतात, "ऊन असतं तर हे दिवसभर शिंपले वेचत फिरले असते आणि मी यांची नुसती पाठ ओळखायला शिकले असते. पाऊस पडला म्हणून तोंड बघायला मिळालं."

त्यांची एकुलती मुलगी चिमी. लहानपणी चिमुकली म्हणून चिमी, आणि उंचीने बापाच्या वर गेली तरी चिमीच राहिली. शाळा सुटली की ती कचेरीत यायची. काका बिस्किट कुस्करून टेबलावर चुऱ्याची एक कमान मांडायचे. हे टेबल म्हणजे समुद्र, आणि हे कण म्हणजे बेटं. ते सांगायचे की बेटं काही पाण्यावर तरंगत नसतात. ती बुडालेल्या डोंगरांची डोकी असतात. वरून दूरदूर दिसतात, पण पाण्याखाली एकमेकांचा हात धरून उभी असतात. चिमी लक्ष देऊन ऐकायची आणि ऐकून झालं की थोरलं बेट आधी खाऊन टाकायची. धाकट्याला मात्र बोटाने हलकेच बाजूला सरकवायची.

"हे माझं. माझं लग्न झालं की मी इथे जाणार."

"कोणाबरोबर?"

"ते नंतर बघू."

पुढे ती शिकून त्याच कचेरीत बापाशेजारच्या टेबलावर बसू लागली. बुकिंग, बदल, रद्द करणं, सगळं तिच्या हातात. आणि मग ते 'नंतर' आलं. ओळखीतून दातांच्या डॉक्टरचं स्थळ आलं. मुलगा शांत, सभ्य, कामात चोख. काकूंची अनेक वर्षं छळणारी दाढ त्याने गप्पा मारता मारता काढली, तेव्हा काकूंनी घरी येऊन निकाल दिला की माणूस हलक्या हाताचा आहे. चिमीचं तर विचारूच नका. एकही दात दुखत नसताना ती दोनदा दात दाखवून आली. प्रिंटरमधून कागद निघत असताना गुणगुणायची. काका तिच्याकडे न बघता ऐकायचे आणि मनातल्या मनात सुखावायचे.

लग्नाचा हॉल ठरला, तारीख ठरली. मग एका संध्याकाळी चिमी डॉक्टरला घेऊन कचेरीत आली आणि स्वतःच्या खुर्चीत न बसता पलीकडे, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. म्हणाली, आज मी गिऱ्हाईक आहे, नीट वागायचं. काकांनीही हात जोडून, बोला, काय सेवा करू, म्हटलं. तिघंही हसले. चहा आला, बिस्किटं आली.

चिमीने बेट निवडायचा आव आणला खरा, पण तिचं ठरलेलंच होतं. धाकट्यावरच्या सगळ्या खोल्यांचे फोटो तिला पाठ होते. डावीकडच्या शेवटच्या खोलीची खिडकी सरळ समुद्रावर उघडते, आणि ती खोली मागून घ्यावी लागते, आपण होऊन कोणी देत नाही, इथपर्यंत तिला माहिती. ती सांगत होती आणि डॉक्टर मान हलवत होता. तो नाही म्हणाला नाही. फक्त बोलणं दर वेळी हळूच थोरल्याकडे न्यायचा. थोरल्यावर पाण्याखाली पोहायला शिकवतात म्हणे. त्याचे दोन मित्र त्याच सुमाराला बायकांना घेऊन थोरल्यावर असणार आहेत, सगळे एकत्र जमले तर धमाल येईल. आणि धाकट्यावर फोन लागतो ना, कारण एखाद्या पेशंटचं काही अडलं तर?

असली उत्तरं काकांनी इतक्या वर्षांत पुष्कळ ऐकली होती आणि त्या जोडप्यांना बिनघोर थोरल्यावर पाठवून दिलं होतं. पुढे त्यांचं काय झालं, याची चौकशी करायचं काकांना कधी कारण पडलं नव्हतं. आज समोर स्वतःची लेक होती, हनुवटीखाली हात घेऊन, सगळा चेहरा त्या मुलाकडे वळवून बसलेली.

चहा निम्म्यावर आला. सवयीने काकांचा हात चष्म्याकडे गेला, चष्मा कपाळावर चढलाही. मग त्यांनी तो तसाच खाली आणला आणि विमान कुठे बदलावं लागेल ते सांगायला लागले. मधे किती वेळ बसावं लागतं, सामान पुन्हा उचलावं लागतं का, तिथल्या विमानतळावर खायला काय मिळतं, कोणी न विचारलेलंही सांगत सुटले.

चिमीने ते पाहिलं. हनुवटीखालचा हात काढून ती सरळ बसली. बाप बोलायचा थांबेपर्यंत तिने वाट पाहिली. मग डॉक्टरकडे वळून, हसऱ्याच चेहऱ्याने तिने विचारलं, "आणि समजा, तिथे सगळे दिवस पाऊस पडला तर?"

"सगळे दिवस?"

"सगळे."

डॉक्टरने खरोखर विचार केला. दात तपासताना करत असेल तसा, मन लावून. "मग थोरल्यावर जायला बोट तर मिळेल ना?"

"पावसात बोट बंद असते. खोलीत आपण दोघंच."

दिवसभर लोकांची तोंडं उघडणारा तो माणूस आपल्या हातांकडे बघत बसला. काकांना वाटलं, आता काहीतरी बोलावं, विनोद करावा, चहा तरी पुढे सरकवावा. पण ते टेबलावरचे बिस्किटाचे कण बोटाने गोळा करत राहिले. शेवटी डॉक्टर म्हणाला, "तुझ्यात काही कमी नाहीये."

तसं कोणी विचारलंच नव्हतं.

मग दोघं बाहेर गेली. काचेवरच्या पोस्टरांच्या फटीतून ती दोघं काकांना दिसत होती. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी उभी होती. डॉक्टर बोलत होता, डोळे पुसत होता, आणि चिमीच त्याच्या दंडावर थोपटत होती. त्याने काय सांगितलं ते नंतर कळलं. दुसरी कोणी नव्हती. मुलगी चांगली, घर चांगलं, सगळे खूश, म्हणून तो हो म्हणाला होता. प्रेम लग्नानंतर आपोआप येईल, असं त्याला वाटत होतं. रोज वाट बघत होता. आणि ते आलं नाही तर कोणाला कळू नये, म्हणून त्याला भोवती माणसं हवी होती.

चिमी एकटीच आत आली. टेबलावरचे कप उचलून तिने विसळले आणि पालथे घातले.

लग्न मोडल्याचं कळताच घरी काकूंनी आकांत मांडला. मुलाला नाही, सगळा दोष नवऱ्याला दिला. म्हणाल्या, तो तुमचा मेला पाऊस, लोकांना विचारून विचारून पोरीच्या डोक्यात भरवलात. लग्नाआधी कोणाला काय सुचतं? झालं असतं हळूहळू सगळं. काकांनाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. झालंही असतं, कोणी सांगावं.

हॉल, फोटोवाला, पाहुण्यांची तिकिटं, सगळे रद्द करायचे फोन चिमीने स्वतः केले. रद्द करणं तिचं रोजचंच काम होतं. समोरचा कारण विचारायचा, तेव्हा ती सांगायची की ठरलेलं बदललं. तिने आधीच राखून ठेवलेली धाकट्यावरची ती खोली मात्र काकांनी तिच्या नकळत सोडून दिली. आपण निदान एवढं तरी केलं, असं त्यांना वाटलं. तिने ते दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर पाहिलं आणि पुढचं बुकिंग उघडलं.

पुढे एकदा दोघंच कचेरी बंद करत होती. शटर निम्मं खाली आलं होतं. काकांना राहवलं नाही. ते म्हणाले, "चिमे, तू तो प्रश्न विचारायला नको होतास गं."

ती कुलूप हातात घेऊन उभी राहिली. "बाबा, मी विचारायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं."

"कसं?"

"सगळ्यांना विचारतोस आणि त्याला विचारलं नाहीस. चष्मा वर नेलास आणि खाली आणलास." तिने कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. "मला वाटलं, निदान तुझं तरी चुकत असेल."

काकांनी शटर खाली ओढलं. कुलूप तिच्या हातून घेतलं, तर त्यांनाच ते लागेना. शेवटी तिनेच लावलं.

त्यानंतर जोडपी आली की काका स्वतः पुढे व्हायचे, चिमीला विमा नाहीतर व्हिसाचं काम काढून द्यायचे आणि आपला प्रश्न गिळून टाकायचे. आलेल्याला सरळ थोरलं दाखवायचे. धाकट्याचं नाव कचेरीत कोणी काढेनासं झालं.

अशात एक दिवस दोघं आली. तो बेकरीत कामाला होता, भुवयांत अजून पीठ होतं. ती शिवणकाम करायची. तिला समुद्र हवा होता. त्याला झोप हवी होती, कारण रोज पहाटेच्या आधी उठून कंटाळला होता. शांत बेट सांगा, म्हणाले. काकांनी थोरल्याचं माहितीपत्रक उघडलं आणि हॉटेलं दाखवायला लागले. शांत खोल्या तिथेही असतात, मागच्या बाजूला घ्यायच्या, असं काहीबाही सांगत होते. बोलता बोलता एक बिस्किट चहात बुडवलं.

शेजारच्या टेबलावरून आवाज आला. "आणि सगळे दिवस पाऊस पडला तर?"

काकांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांना बघवलं नसतं.

शिवणाऱ्या मुलीने बेकरीवाल्याकडे पाहिलं. "हा घोरेल. मी मोजेन."

"मोज," तो म्हणाला. "तेवढा वेळ तरी तुझी बडबड थांबेल." आणि दोघं अशी हसली की त्याच्या भुवईतलं पीठ टेबलावर पडलं.

चिमीने आपली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली. थोरल्याचं पत्रक मिटवलं. मग ती त्यांना सगळं सांगत गेली. बोट कधी निघते, वाळू कुठे मऊ आहे, पक्षी कुठल्या खडकावर बसतात. डावीकडच्या शेवटच्या खोलीची खिडकी सरळ समुद्रावर उघडते, ती खोली मागून घ्यावी लागते. ती मी तुमच्यासाठी मागते, म्हणाली.

काकांच्या बोटांत बिस्किटाचा कोरडा कोपरा तेवढा राहिला होता. बाकीचं विरघळून कपाच्या तळाशी गेलं होतं.

"किती बारीकसारीक माहिती आहे तुम्हाला," शिवणारी मुलगी कौतुकाने म्हणाली. "तुम्ही जाऊन आलात का तिथे?"

"नाही," चिमी म्हणाली. "जायचं होतं."

तिने कीबोर्ड पुढे ओढला.

"नावं सांगा आता. पासपोर्टवर आहेत तशी."