लीलावतीबाईंचा सावळा फोटो

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. माझ्यात लीलावतीबाई बसल्या आहेत. हिरवं इरकल, ओठांच्या कोपऱ्यात खट्याळ हसू. माझा जन्म भोपाळच्या बरखेड्यातला, कारखान्याच्या क्वार्टरांत घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हाचा.

लीलावतीबाई गेल्या आणि त्यांच्या मुलानं, भालचंद्रनं, घरच्या प्रिंटरवर त्यांचा फोटो छापला. शेजारच्या अनंतनं तोच फोटो आपल्या प्रिंटरवर छापला. तो मी. असे आम्ही दोघे भाऊ.

फरक शाईचा. भावाची शाई डायची. साखर पाण्यात विरघळावी तसा तिच्यात रंग विरघळलेला असतो आणि कागदात मुरतो. दिसायला झळझळीत. माझी पिगमेंटची. तिच्यात रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात, ते कागदाला चिकटून बसतात. मी जरा मंदच दिसायचो.

भालचंद्रची बायको विजया आम्हा दोघांना शेजारी धरून म्हणाली, "यात आई कशा उजळ दिसतात. तो दुसरा नको बाई, आजारी वाटतो." भालचंद्रनं मान हलवली. माणसं हुबेहूबपणापेक्षा उजळपणाला जास्त गुण देतात, हे मी जन्मल्या दिवशीच शिकलो.

अनंत एकटा राहायचा. नोकरीची पहिली वर्षं तो लीलावतीबाईंच्याच हातचं जेवला होता. "मग मला द्या, वहिनी," तो म्हणाला. "मला काकू अशाच आठवतात. तिसरी पोळी नको म्हटलं की अशाच बघायच्या."

त्यानं मला काचेच्या चौकटीत बसवलं. त्याची बदली झाली, मीही गावोगाव हिंडलो. ऊन खाल्लं, थोडा उतरलोही. खोटं कशाला सांगू? पण उन्हाला माझे कण वरवरच झिजवता आले.

भावाची हकीकत मला पुढे विजयावहिनींच्याच तोंडून कळली. त्याला दिवाणखान्यात मान मिळाला, तोही पश्चिमेच्या खिडकीसमोर. शिवाय श्राद्धाच्या दिवशी वहिनींना शंका आली, "काचेवर लावलेलं गंध आईंना पोचतं का?" काच निघाली. गंध थेट कपाळावर लागू लागलं आणि ओल्या बोटांनी पुसलं जाऊ लागलं. उन्हानं रंग तोडला, पाण्यानं पसरवला. मूळ फोटो ज्यात होता तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला. फोटोतली आई वर्षागणिक गोरी होत गेली, आणि रोज बघून बघून घरच्यांना ती तशीच आठवू लागली.

त्याचा भार पडला नातीवर. आजी गेली तेव्हा कांचन रांगत होती. रंगानं सावळी. पाहुणे भिंतीकडे बघून म्हणायचे, "आजी केवढी गोरीपान! ही कुणावर गेली?" कांचन हसून चहा आणायला निघून जायची.

तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी पहिली अक्षत आजीपुढे ठेवून तिला बोलवायचं, तर आता फोटोत नाकडोळेही शोधावे लागत. "बाबा, कोऱ्या कागदाला आमंत्रण देऊ का?" तिनं विचारलं.

त्याच सुमारास अनंत निवृत्त होऊन परत भोपाळला, बाग सेवनिया भागात राहायला आला. तिघं त्याला पत्रिका द्यायला आली. कांचन माझ्यासमोर थबकली.

"काका, या कोण?"

"कोण म्हणजे? तुझी आजी."

"पर आजी तो गोरी थी ना?"

"कुणी सांगितलं? तुझ्यासारखी होती. रंगानंही आणि खवचटपणानंही."

कांचननं आपला हात माझ्या काचेशी नेऊन धरला आणि तसाच ठेवला. भालचंद्र जवळ आला. निरखून बघत म्हणाला, "अशीच होती गं. आम्ही विसरलोच." विजयावहिनी चष्मा पुसत बसल्या.

मित्रांनो, मी ऋणी आहे त्या बारीक कणांचा, अनंतच्या काचेचा आणि मला नाकारणाऱ्या विजयावहिनींचाही. त्यांनी मला निवडलं असतं, तर ती ओली बोटं माझ्यावरून फिरली असती. भावाला दोष देऊ नका. काचेआड, उन्हाबाहेर ठेवला असता, तर तोही पुष्कळ टिकला असता. आपल्या माणसांचे फोटो सावलीत लावा, ओला हात लावू नका, आणि मूळ फोटो दोन ठिकाणी जपून ठेवा.

लग्नाच्या सकाळी अनंतनं मला कांचनच्या घरी नेलं आणि पहिली अक्षत माझ्यापुढे पडली. मग कांचन नटायला बसली. मेकअपवालीनं डबी उघडताच तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"दीदी, बस इनके जितना. इससे ज़्यादा गोरा मत करना."